जांभळीची राखण

गेल्या वर्षी वैशाख सरता सरता आम्हांस सोनिवलीस जाणे भाग पडले. निमित्त आनंदाचे नव्हते. वडिलोपार्जित घर व त्यामागील वाडी विकून टाकावी, असे आम्हां तिघां भावांचे ठरत आले होते. आणि करारावर सह्या होण्यापूर्वी एकदा सर्वांनी मिळून हद्दी पाहाव्या व घरात नेण्यासारखे काही उरले असेल ते वाटून घ्यावे, असा थोरल्या बंधूंचा निरोप होता. बदलापूर स्टेशनाबाहेर पडलो, तो वाटेवर दुतर्फा जांभळाच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या. पानांच्या द्रोणांत रचलेली ती काळीभोर, टपोरी फळे पाहून आम्ही नेहमीच्या सवयीने थांबलो नाही. आमच्या घरी जांभळे विकत घेण्याची चाल नव्हती. ती वाडीत होती, आणि वाडी आमची होती.

सोनिवली हे नाव पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेले नसेल. स्टेशनाच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या बाजूला असलेले हे जुने खेडे आता नगरपरिषदेच्या हद्दीत सामावले आहे. कल्याणाकडून येणारी आगगाडी १८५६ साली या खोऱ्यातून पुढे पळसदरीपर्यंत गेली, तरी पुढे जवळजवळ शतकभर येथली भातखाचरे आपल्या जागी होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. अंबरनाथेस कारखाने उभे राहिले. आणि मुंबईत घर न परवडणारा नोकरदार वर्ग एकेक स्टेशन मागे सरत सरत बदलापुरास येऊन पोहोचला. त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हीही त्यांतलेच, फक्त आम्ही उलट दिशेने गेलो.

आमचे घर ऐतिहासिक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तेथे कोणा सरदाराचा मुक्काम पडला नाही, की कोणती मसलत शिजली नाही. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, बाजूस देवघर, वर भात व लाकूडफाटा ठेवण्याची माडी; सागवानी खांब, कुडाच्या व विटांच्या मिश्र भिंती आणि मंगलोरी कौले. मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे नऊ जांभळी. त्यांतल्या चार आमच्या आजीने लग्न होऊन आल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत लावल्या, असे घरात सांगत; तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे असले पाहिजे. अशी घरे या तालुक्यात एके काळी शेकड्यांनी होती. ती सामान्य होती म्हणूनच त्यांची कोणी नोंद केली नाही, आणि आज ती राहिली नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओटीवर थोरल्या बंधूंबरोबर जुन्या लाकडाचा एक व्यापारी बसला होता. त्याने खांब मोजले, तुळयांना नख लावून पाहिले, आणि माडीवरच्या वाशांची किंमत वेगळी सांगितली. हल्ली उपाहारगृहांतून व श्रीमंतांच्या बंगल्यांतून जुन्या सागवानी खांबांस मोठी मागणी आहे, असे त्याचे म्हणणे. घर पडावे आणि खांब शोभेस उभे राहावे, हा प्रकार आम्हांस मोठा खेदजनक वाटला. आणि आम्ही तसे बोलूनही दाखविले. त्यावर धाकटे बंधू शांतपणे एवढेच म्हणाले, "बावीस वर्षांत तू किती वेळा शाकारणीला पैसे पाठवलेस?"

उत्तर देण्यासारखे नव्हते. वैशाखात कौले उतरवून, फुटकी बदलून, वासे पाहून घर पुन्हा शाकारावयाचे, हा कोकणपट्टीतील प्रत्येक घराचा नेम. एक वर्ष तो चुकला की पाणी वाशात मुरते, दोन वर्षे चुकला की तुळईस वाळवी लागते. वडील गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षे आम्ही पैसे पाठविले. मग मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, असे एकेक कारण निघत गेले. लोकांपुढे घराच्या आठवणी सांगताना मात्र आमचा कंठ दाटून येई. ते घर त्या दिवशीच्या करारामुळे जात नव्हते. ज्या पावसाळ्यात पहिल्याने शाकारणी चुकली, त्याच पावसाळ्यात ते आमच्या हातून गेले होते. आणि धाकट्या बंधूंची निकड तर वेगळीच होती. त्यांच्या पत्नीचे मूत्रपिंड निकामी झाले असून आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी रुग्णालयात जावे लागते. ज्याच्या घरी असा खर्च आहे, त्यास वारशाचे महत्त्व समजावून सांगणे हा निव्वळ उद्धटपणा झाला असता.

त्या रात्री आम्ही डोंबिवलीस धाकट्या बंधूंकडे मुक्काम केला व दुसऱ्या दिवशी सकाळी, मन थोडे दुसरीकडे लागावे म्हणून, अंबरनाथच्या शिवमंदिरास जाऊन आलो. शिलाहारांच्या काळातील हे भूमिज धाटणीचे देवालय शके ९८२ म्हणजे १०६० सालचे, असे तेथील शिलालेखावरून ठरते. गाभारा पायऱ्या उतरून खाली जावे असा, आणि बाहेरच्या भिंतींवर कोठे तळहाताएवढी जागा कोरीव कामावाचून मोकळी नाही. सरकारच्या पुरातत्त्व खात्याने त्यास संरक्षण दिले आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणे अशा वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई, आणि त्यापलीकडे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आहे. इतके असूनही देवळाशेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडलेली आहे. देऊळ राखले गेले. ज्या पाण्याच्या काठी म्हणून ते उभारले, ते पाणी राखले गेले नाही. त्या काठावर उभे असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. लॉर्ड कर्झनच्या अमदानीतील १९०४ च्या कायद्यापासून आजपर्यंत सरकारने जे थोर, प्राचीन व एकमेवाद्वितीय ते राखण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे. परंतु जे मध्यम, जे वापरातले, ज्याच्यासारखे काल पुष्कळ होते व उद्या एकही उरणार नाही, त्याचा राखणदार कोण?

हा प्रश्न इंग्लंडात सव्वाशे वर्षांपूर्वी तिघांनी विचारला होता. लंडनच्या गरिबांसाठी नीटनेटक्या चाळी चालविणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल, सामाईक गायरानांसाठी कोर्टात झगडणारे वकील रॉबर्ट हंटर, आणि सरोवरांच्या प्रदेशातील एक पाद्री हार्डविक रॉन्सली, अशी ती तीन माणसे. गिरण्या व रेल्वे यांच्या पसाऱ्यात मोकळी टेकडी, जुने घर, बाग असे काहीच सामान्य माणसास उरणार नाही, हे पाहून त्यांनी १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' नावाची धर्मादाय संस्था स्थापन केली. तिच्या पदरी पहिल्याने पडली ती वेल्समधील समुद्राकडे पाहणारी एक उघडी टेकडी. आणि पुढल्या वर्षी तिने घेतलेले पहिले घर कोणा उमरावाचा प्रासाद नसून, ससेक्समधील आल्फ्रिस्टन गावच्या पाद्र्याचे लाकूड-मातीचे, गवती छपराचे, मोडकळीस आलेले घर होते. त्याची किंमत पडली दहा पौंड. हे वाचताना आम्हांस आमची ओटी आठवली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु त्या संस्थेचे खरे मर्म दहा पौंडांत नाही. १९०७ साली पार्लमेंटने खास कायदा करून तिला असा अधिकार दिला की, तिने एखादी मिळकत 'अविक्रेय' म्हणून जाहीर केली म्हणजे ती पुढे संस्थेस स्वतःसही विकता येऊ नये. मालकी घ्यावयाची, आणि घेतानाच विकण्याचा हक्क सोडून द्यावयाचा! आम्हां हिंदूंच्या एकत्र कुटुंबात मालकीचा अर्थ याच्या नेमका उलट झाला आहे: विकता येत नसेल तर ती मालकी कसली, असे आम्ही म्हणतो, आणि वाटणीच्या वेळी देव्हारासुद्धा मोजून घेतो. १९३७ च्या कायद्यानंतर तेथील पुष्कळ जुन्या घराण्यांनी आपले वाडे या संस्थेस दिले व त्यांतच ती राहत आली, दार मात्र लोकांस उघडले. आज तिचे पन्नास लाखांहून अधिक वर्गणीदार सभासद आहेत. आणि एक व्यवहारी नियमही तिने अनुभवाने शिकला आहे: घराच्या जोडीस त्याच्या डागडुजीपुरता निधी नसेल, तर फुकट मिळणारे घरही ती सहसा घेत नाही. शाकारणीचे पैसे आधी, वारसा मग. हा नियम आम्हांस बावीस वर्षांपूर्वी कोणी शिकविला असता तर बरे झाले असते.

या कौतुकास एक दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे योग्य नाही. ज्या वाड्यांची तेथे एवढ्या निगुतीने जपणूक होते, त्यांतले कित्येक आमच्याच देशातून गेलेल्या पैशावर उभे आहेत. वेल्समधील पोविस येथील या संस्थेच्या किल्लेवजा वाड्यात क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू मांडलेल्या आहेत, आणि त्यांत टिपू सुलतानाच्याही चिजा आहेत. २०२० साली संस्थेने आपण होऊन एक अहवाल काढला व आपल्या ९३ स्थळांचा गुलामांच्या व्यापाराशी वा वसाहतींशी असलेला संबंध उघड केला. त्यावरून तिच्या सभासदांतच मोठे वादळ उठले. आम्हांस तो अहवाल संस्थेच्या थोरवीचाच पुरावा वाटतो. घर राखावयाचे तर त्यातली कागदपत्रांची पेटीही राखावी लागते, मग तीत काहीही निघो. आमच्या माडीवरच्या पेटीत कर्जखतांचे दस्त निघाले. त्यांवर सहीच्या जागी अंगठे होते. आजोबांस आम्ही देवमाणूस समजत आलो होतो. व्याजाचा दर पाहून थोरले बंधू काही वेळ बोलले नाहीत.

आमच्या देशात या जातीची संस्था १९८४ साली दिल्लीस निघाली. भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास असे तिचे भारदस्त नाव असून लोक तिला 'इन्टॅक' म्हणतात. सरकारी संरक्षणाबाहेर राहिलेल्या वास्तूंच्या गावोगाव याद्या करणे, कारागीर व तज्ज्ञ पुरविणे, मालकास सल्ला देणे, हे तिचे मुख्य काम. ती काय करू शकते हे पाहावयाचे असेल तर मुंबईस राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. १८७२ साली उघडलेली ती इमारत पुढे अवकळेस आली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी त्रिपक्षी करार केला; २००५ साली त्या जीर्णोद्धारास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक प्रदेशातील सर्वोच्च पुरस्कार लाभला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांस खुले झाले. एकाची मालकी, दुसऱ्याची विद्या, तिसऱ्याचा पैसा, असा तो योग. अंबरनाथच्या शिलालेखाकडे लक्ष पुरविणाऱ्या पहिल्या विद्वानांत भाऊ दाजी होते, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

मुंबई शहराने १९९५ साली वारसावास्तूंची यादी व नियमावली केली. देशातील शहरांत तो मान तिचा पहिला. परंतु यादीत नाव असणे म्हणजे कौले चाळली जाणे नव्हे. ओळखीचे एक वास्तुतज्ज्ञ आमच्या आग्रहावरून सोनिवलीस येऊन घर पाहून गेले. त्यांनी तुळया ठोकून पाहिल्या, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "डागडुजीचा आकडा मी देईन. पण आधी हे सांगा की, घरात राहणार कोण? रिकामे घर कोणताही न्यास फार दिवस उभे ठेवू शकत नाही." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. राहणारा कोणी नव्हता.

घराचा प्रश्न तेथेच मिटला. वाडीचा प्रश्न मिटला नाही, आणि तो उपस्थित केला एका ठाकूर म्हातारीने. आमच्या जांभळी तिच्या घरची माणसे तीन पिढ्या उतरवीत आली आहेत. जांभळीचे लाकूड ठिसूळ. फांदी केव्हा मोडेल याचा नेम नाही. आणि फळ इतके नाजूक की खाली पडले की वाया गेले. म्हणून कमरेस दोर व टोपली बांधून वर चढावे आणि घोस हातांनी खुडावे लागतात. हे काम आमच्यापैकी कोणासही येत नाही. निम्मी फळे त्यांची, निम्मी आमची, असा करार. लेखी काहीच नाही. आम्ही हद्दी मोजीत हिंडत असता ती विहिरीशी येऊन बसली होती. घर विकावयाचे असे तिच्या कानावर गेलेच होते. आम्ही काही बोलणार, इतक्यात तीच म्हणाली, "घर तुमचं हाय दादा, विका. मला येवढंच सांगा, पुढल्या सालाला झाडावर चढाय भेटंल का नाय?"

तिच्या बोलण्यात ना आठवणींचा उमाळा होता, ना वारशाचा अभिमान. पण त्या वाडीत बावीस वर्षे वाळवी पाहणारे, विहिरीतला गाळ काढणारे, वणव्याच्या दिवसांत पालापाचोळा झाडून बाजूला करणारे जर कोणी असेल, तर ते तिच्या घरचेच होते. झाड उपयोगाचे होते म्हणून त्यांनी ते राखले. आणि आम्ही घरावर नुसते प्रेम केले म्हणून ते पडले.

आपल्याकडे अशा राखणीचा जुना पाठ आहे. सह्याद्रीच्या गावागावांतून देवराया आहेत. तेथली झाडे देवाची, म्हणून कोणाची नाहीत आणि सर्वांची आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणिले. पार्लमेंटने १९०७ साली कायद्याने जे साधले, तेच आमच्या पूर्वजांनी सातबाराऐवजी शेंदराने साधले होते, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु शेंदराचा धाक ओसरला, की राई राखण्यास दुसरे काही हवे. ते आमच्या कायद्यातच पडून आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. झाडांपुरते म्हणाल तर २०२१ च्या दुरुस्तीने शहरी हद्दीतील पन्नास वर्षांवरील झाडास वारशाचा दर्जा मिळाला आहे; ते तोडावयाचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. ऐंशी वर्षांच्या जांभळीबद्दल ऐंशी रोपे! हिशेब सरळ दिसतो. पण त्या ऐंशींतल्या एकीवर तरी आमची नातवंडे चढू शकतील काय? बदलापूरच्या जांभळास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानांकन नावास मिळते. नाव टिकावयाचे तर झाडे जागेवर उभी हवीत.

असो. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. घराची जागा व पुढले अंगण थोरल्या व धाकट्या बंधूंच्या वाट्यास, आणि विहिरीसह मागली वाडी आमच्या वाट्यास, अशी वाटणी तिघांच्या संमतीने झाली. त्यांनी आपापला हिस्सा विकला. आम्ही आमचा राखला. आमच्या या निर्णयामुळे सर्व जागेचा मिळून जो भाव आला असता तो आला नाही, आणि त्याची झळ धाकट्या बंधूंस लागू नये म्हणून सागवानाच्या विक्रीतील थोरल्यांचा व आमचा भाग आम्ही त्यांच्याकडे दिला. तरीही ती रक्कम पुरी भरून निघाली, असे आम्ही म्हणणार नाही. वहिनी तेवढे म्हणाल्या, "झाडे राहिली ते बरे झाले." पण आपण त्यांच्या औषधाच्या पैशांतून जांभळी राखल्या की काय, हा विचार आम्हांस अद्याप मधूनमधून रात्री जागा करितो.

वाडीचा न्यास करण्याविषयी वकिलांकडे खेपा चालू आहेत. न्यास लोकांच्या उपयोगाचा हवा, नुसता कुटुंबाच्या आठवणींचा चालत नाही; शिवाय कुंपण व विहीर यांचा दरसालचा खर्च कोठून येणार, तेही दाखवावे लागते. आमच्या निवृत्तिवेतनातून त्यासाठी एक लहानशी ठेव बाजूस काढली आहे, आणि विश्वस्तांत एक जागा म्हातारीच्या नातवास दिली आहे. आमच्या चिरंजीवांस हे फारसे रुचलेले नाही. "बाबा, उद्या आम्हांला गरज पडली तर?" असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न खोटा नाही. आम्ही नसल्यावर त्यांना ती वाडी विकता येऊ नये, एवढ्यासाठीच तर ही खटपट आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगावयास आम्हांस फार जड गेले, पण सांगितले.

यंदाही मृगाच्या तोंडावर आम्ही सोनिवलीस गेलो. घर राहिले नव्हते. जोते तेवढे उरले होते, आणि पलीकडे लोखंडी सळ्यांची रास पडली होती. बसावयास ओटी नाही, म्हणून विहिरीच्या काठावर बसलो. जांभळीवर म्हातारीचा नातू चढला होता; खाली चादर धरून दोघी मुली उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांतल्या एकीने द्रोण भरून आमच्यापुढे ठेविला. पूर्वी पहिली पाटी मालकाची म्हणून आपोआप ओटीवर येई. आम्ही हात पुढे करणार, तोच मुलीने भाव सांगितला. म्हातारी मागून तिला दटावू लागली. आम्ही तिला थांबविले, खिशातून पैसे काढून मुलीच्या हातावर ठेविले, आणि त्या दोन पैसे मोजीपर्यंत पहिले जांभूळ तोंडात टाकिले.